पोरगी कुठी दिली?

बोदवडला कुणाच्याही ओट्यावर घटकाभर बसा, दोन प्रश्न हमखास कानावर येतात. पोरगी कुठी दिली? आणि पोरगा कुठी ऱ्हातो? उत्तरंही बहुधा ठरलेली असतात. पोरगी मलकापूरला, जामनेरला, नाहीतर मुक्ताईनगरकडच्या एखाद्या खेड्यात. पोरगा सुरतेला. सुरतेला म्हणजे उधना, लिंबायत, दिंडोली. तिथल्या गल्ल्यांत निम्मं खानदेश भेटतं. विचारणाऱ्या म्हातारीला हे सगळं आधीच ठाऊक असतं. ती फक्त मनातल्या वहीतली नोंद ताजी करून घेते. मागच्या साली लिंबायतला होता, आता भाड्याची खोली बदलली. थोरलीला दुसरा मुलगा झाला, ती दिवाळीला येणार नाही.

औषधांच्या आणि लसींच्या चाचण्यांविषयी वाचू लागलो तेव्हा मला ही वही सारखी आठवत राहिली. नवं औषध माणसांवर तपासायचं तर आधी माणसं तयार करावी लागतात, आणि सगळ्यांना वाटतं की अवघड काम तेच. प्रत्यक्षात नाव नोंदवायला माणूस एका दिवसात तयार होतो. अवघड असतं ते तोच माणूस सहा महिन्यांनी, दोन वर्षांनी, दहा वर्षांनी पुन्हा समोर बसवणं. जो पुन्हा सापडत नाही त्याच्या नावापुढे संशोधक ‘लॉस्ट टू फॉलो-अप’ असा शेरा मारतात. शेरा गमतीचा आहे. तो माणूस काही हरवलेला नसतो. आपण दिंडोलीत आहोत हे त्याला पक्कं माहीत असतं. हरवलेला असतो तो संशोधकाकडचा पत्ता.

पण दोनशेतले तीस गेले, तर उरलेल्या एकशे सत्तरांवरून अंदाज का बांधू नये? शितावरून भाताची परीक्षा होतेच की. होते, पण पातेल्यातून शितं कशीही उचललेली असतील तरच. कुणी फक्त शिजलेली शितं वर ठेवून कच्ची बाजूला काढली असतील, तर ती परीक्षा कशाची?

एक हिशेब करून पाहू. समजा गुडघेदुखीवरची नवी गोळी दोनशे माणसांवर तपासायची आहे. चिठ्ठ्या टाकून शंभरांना खरी गोळी दिली आणि शंभरांना तशीच दिसणारी, पण औषध नसलेली. चिठ्ठ्या टाकायच्या कारण म्हातारे-तरुण, गरीब-श्रीमंत, पथ्य पाळणारे आणि न पाळणारे दोन्ही गटांत सारखे वाटले जावेत, म्हणजे शेवटी जो फरक दिसेल तो गोळीचाच. आता समजा खऱ्या गोळीने साठ जणांना बरं वाटलं आणि नुसत्या गोळीने चाळीस जणांना. म्हणजे गोळीचा उपयोग आहे, पण बेताचा. मात्र खऱ्या गोळीने पोटात जळजळते. ज्यांचा गुडघा दुखायचा थांबला त्यांनी जळजळ सोसली. ज्यांना गुणही नाही आणि वर जळजळ, ते कशाला येतील? समजा त्या गटातले तीस जण यायचे बंद झाले आणि त्यातले अठ्ठावीस गुण न आलेले होते. उरले सत्तर, त्यातले अठ्ठावन्न बरे. टक्केवारी त्र्याऐंशी! साठाचे त्र्याऐंशी झाले आणि कुणी खोटं बोललंही नाही. जे आले त्यांचीच मोजदाद झाली, इतकंच.

उलटंही घडतं. गुण आलेला शेतकरी म्हणतो, आता बरं वाटतं, कपाशीची वेचणी सुरू झाली, दवाखान्यात कशाला दिवस घालवू? तो गेला की चांगलं औषध कागदावर निकामी ठरतं. माणसं जातात ती चिठ्ठ्या टाकून जात नाहीत, प्रत्येकाच्या जाण्याला कारण असतं. आणि ते कारण पुष्कळदा औषधाशीच जोडलेलं असतं. सुरुवातीला चिठ्ठ्यांनी साधलेला सारखेपणा असा मागच्या दाराने निघून जातो.

यावर संख्याशास्त्रज्ञांनी काही तोडगे काढले आहेत. एक तर, ज्याचं नाव ज्या गटात निघालं त्याचा हिशेब शेवटपर्यंत त्याच गटात धरायचा, त्याने गोळी घेतली असो वा गटारात टाकली असो. हा नियम प्रथम ऐकणाऱ्याला वेडगळ वाटतो, पण चिठ्ठ्यांची पुण्याई टिकते ती त्यानेच. दुसरा तोडगा म्हणजे गळती गृहीत धरून जास्त माणसं घ्यायची. इथे पुष्कळांची चूक होते. शेवटी चारशे माणसं हवीत आणि वीस टक्के गळतील असा अंदाज असेल तर चारशे ऐंशी घेऊन भागत नाही, पाचशे घ्यावी लागतात. पण खरी अडचण त्यानेही सुटत नाही. फुटक्या माठात जास्त पाणी ओतलं तर पाणी पुरेल, फट बुजणार नाही. डेव्हिड सॅकेट या कॅनडातल्या नामवंत वैद्यकतज्ज्ञाच्या नावाने एक ढोबळ मोजमाप सांगितलं जातं: पाच टक्क्यांपर्यंत गळती असेल तर फारसं बिघडत नाही, विसाच्या वर गेली तर निकालावर भरवसा ठेवणं कठीण. मधल्या जागेत ज्याने त्याने डोकं वापरायचं.

म्हणून खरा उपाय एकच, माणूस जाऊ न देणं. आणि तो गेला तर कुठे गेला हे माहीत असणं. या कामाचं आपल्याकडचं एक मोठं उदाहरण बार्शीचं आहे.

सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीला नर्गिस दत्त यांच्या नावाचं कर्करोग रुग्णालय आहे. मुंबईच्या टाटा मेमोरियलच्या साथीने तिथे 1987 साली ग्रामीण भागातली देशातली पहिली कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शी, परांडा आणि भूम या तीन तालुक्यांतली 346 गावं. नोंदणी म्हटलं की दवाखान्याच्या टेबलावरचं रजिस्टर डोळ्यांपुढे येतं, पण खेड्यातला कर्करोगाचा रुग्ण दवाखान्यापर्यंत पोचतच नसे. मग नोंद करणारे उठून गावोगाव जाऊ लागले. गावात बसायचं, लक्षणं समजावून सांगायची, कुणाला गाठ आहे, कुणाला रक्तस्राव होतो ते विचारायचं, तपासणीला घेऊन यायचं. इथली नोंदणी उभी राहिली ती पायांवर.

हे पाय पुढे कामाला आले. 1999 साली शेजारच्या, तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची एक प्रचंड चाचणी सुरू झाली. गावांचे 52 समूह, तिशी ते साठीच्या आतल्या 1,31,746 स्त्रिया. चार गट होते. एकाची या कर्करोगाला कारण ठरणाऱ्या एचपीव्ही विषाणूसाठी तपासणी, दुसऱ्याची पेशींची, तिसऱ्याची ॲसिटिक आम्ल लावून नुसत्या डोळ्यांनी, आणि चौथ्याची तपासणी नाही, नेहमीची काय असेल ती सेवा. प्रश्न एवढाच होता की आयुष्यात एकदाच तपासणी केली तर मृत्यू कमी होतात का? उत्तर मिळायला आठ वर्षं वाट पाहावी लागली. म्हणजे लाखाहून जास्त बायकांपैकी कोण जिवंत, कोण गेली आणि कशाने गेली, हे आठ वर्षं गावागावात जाऊन विचारत राहायचं. 2009 मध्ये निकाल छापून आला. एचपीव्ही तपासणीच्या गटात या कर्करोगाने 34 मृत्यू, तपासणी न झालेल्या गटात 64. जवळजवळ निम्मे. चौथ्या गटाला तपासणीविना ठेवणं योग्य होतं का, यावर पुढे कडक टीका झाली. ती टीका दुर्लक्षण्यासारखी नाही, पण तो वेगळा लेख होईल.

मला अधिक सांगायचं आहे ते त्यानंतरच्या गोष्टीबद्दल, कारण ती मोडलेल्या चाचणीची गोष्ट आहे.

2009 मध्ये एचपीव्हीच्या लसीची एक चाचणी देशात नऊ ठिकाणी सुरू झाली. बार्शी, पुणे आणि मुंबई ही त्यातली महाराष्ट्रातली ठिकाणं. दहा ते अठरा वर्षांच्या अविवाहित मुली घ्यायच्या, निम्म्यांना दोन डोस, निम्म्यांना तीन, आणि दोन पुरतात का ते पाहायचं. वीस हजार मुलींची योजना होती. त्याच सुमारास तेव्हाच्या आंध्रातल्या खम्मम आणि गुजरातेतल्या वडोदरा जिल्ह्यांत एचपीव्हीच्याच लसींचा एक वेगळा प्रकल्प चालू होता. तिथे लस घेतलेल्या काही मुलींचे मृत्यू झाल्याच्या बातम्या आल्या. चौकशीत मृत्यूंचा लसीशी संबंध आढळला नाही, पण संमती घेण्याच्या पद्धतीत गंभीर दोष आढळले. पालकांऐवजी वसतिगृहाच्या अधीक्षकांनी आणि मुख्याध्यापकांनी सह्या केल्या होत्या. बातम्या आल्याबरोबर सरकारने एप्रिल 2010 मध्ये देशभरातलं एचपीव्ही लसींचं सगळं चाचणीकाम थांबवलं. बार्शीचंही.

तोवर 17,729 मुलींना लस टोचून झाली होती. तीन डोस पुरे झालेल्या 4,348, ठरल्याप्रमाणे सहा महिन्यांच्या अंतराने दोन घेतलेल्या 4,979. बाकीच्या मधेच अडकल्या. 3,452 मुलींचे दोन महिन्यांच्या आतबाहेर दोनच डोस झाले आणि 4,950 मुलींचा तर एकच. चाचणीचा आराखडा पार मोडला. अशा वेळी बहुतेक प्रकल्प कपाटं बंद करून घरी जातात. इथे संशोधकांनी ठरवलं की लस देता येणार नाही, पण मुलींची विचारपूस करायला कुणी मनाई केलेली नाही.

आता त्यांच्यापुढचं काम पाहा. लसीचा परिणाम कळायला मुलीचं लग्न व्हायला हवं, कारण विषाणू शरीरसंबंधातून येतो. नियम असा केला की लग्नानंतर अठरा महिन्यांनी किंवा पहिल्या बाळंतपणानंतर सहा महिन्यांनी, जे आधी होईल तेव्हा, नमुना घ्यायचा. म्हणजे जिचं नाव शाळेत नोंदवलं ती मुलगी शोधायची तेव्हा ती सासरी असणार. आपल्याकडे लग्नात आडनाव बदलतं. वडिलांच्या जागी नवऱ्याचं नाव येतं. कित्येक घरांत तांदळाच्या ताटात बोटाने लिहून पहिलं नावही बदलतात. म्हणजे वहीतल्या तिन्ही नावांपैकी एकही उरत नाही! गाव बदलतं, तालुका बदलतो, मोबाइल असला तर तो नवऱ्याचा. आणि नव्या सुनेच्या दारात जाऊन, सासूच्या देखत, अमुक तपासणीसाठी आलो म्हणायचं. ती तपासणी कसली ते सासूला कसं सांगणार? लहानपणी लस कशाची घेतली होती ते सुनेने सांगितलंय का, हेही आधी कळायला हवं. चार भिंतीआडची गोष्ट उघडी पडली तर नांदणं अवघड व्हायचं ते त्या मुलीचं, संशोधकाचं नाही.

हे काम पोस्टकार्डाने किंवा मोबाइलवरच्या मेसेजने होत नाही. माहेरच्या गल्लीत विचारावं लागतं, पोरगी कुठी दिली? ते बाईने बाईला विचारावं लागतं. आणि विचारणारी ओळखीची असेल तरच उत्तर मिळतं, कारण अनोळखी माणसाला लेकीचा पत्ता कोण देईल, आणि का द्यावा? दिवाळीला, पंचमीला, चैत्रात लेक माहेरी येते हे त्या विचारणाऱ्या बाईला पंचांगाशिवाय ठाऊक असावं लागतं.

दहाएक वर्षांच्या पाठपुराव्यानंतर 2021 मध्ये निकाल जाहीर झाला. एचपीव्हीच्या 16 आणि 18 या घातक प्रकारांचा चिवट संसर्ग रोखण्यात एका डोसची परिणामकारकता 95.4 टक्के, दोनची 93.1, तीनची 93.3. तिन्ही जवळजवळ सारख्याच. मुलींना एकच डोस मिळाला तो चिठ्ठीने नव्हे, सरकारी आदेशाने. त्यामुळे या पुराव्याला मर्यादा आहेत, आणि तुलनेसाठी लस न घेतलेल्या विवाहित स्त्रिया नंतर शोधून घ्याव्या लागल्या. पण केनियात चिठ्ठ्या टाकून केलेल्या चाचणीनेही तसंच सांगितलं. एप्रिल 2022 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञगटाने एक डोसही चालेल असं म्हटलं. गरीब देशांच्या लसखर्चाचा हिशेबच त्याने बदलला. या निर्णयाच्या पायाशी आपल्या गावच्या सासुरवाशिणींचे पत्ते आहेत, हे मला मोठं विलक्षण वाटतं.

सगळीकडे असं साधत नाही. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत 2006 ते 2012 या काळात गर्भारपणाच्या आधीपासून बायकांना पौष्टिक खाऊ देण्याची एक चाचणी झाली. एका गटाच्या खाऊत हिरव्या पालेभाज्या, फळं आणि दूध, दुसऱ्याच्या खाऊत बटाटा-कांद्यासारखं कमी पोषणाचं काहीतरी. खाऊ घरी न्यायचा नाही, केंद्रावर येऊन समोर खायचा. घरी नेला तर तो आधी मुलांच्या तोंडात आणि नवऱ्याच्या डब्यात जाणार, हे योजणाऱ्यांना कळत होतं. 6,513 स्त्रियांची नावं नोंदली. त्यांतल्या 2,291 गर्भार राहिल्या, 1,962 जणींना एकेक जिवंत मूल झालं, आणि मापं घेता आली ती 1,360 बाळांची. मापं जन्मल्यानंतर लवकरच घ्यायची असतात, आणि आपल्याकडची बाई, विशेषतः पहिलटकरीण, बाळंतपणाला माहेरी निघून जाते. सगळ्यांचा एकत्र हिशेब केला तर बाळांच्या वजनात ठळक फरक दिसला नाही. गर्भ राहण्याआधी किमान तीन महिने खाऊ सुरू झालेल्या बायकांच्या बाळांचं वजन मात्र सरासरी 48 ग्रॅमने जास्त भरलं. नोंदलेल्या साडेसहा हजारांपासून मोजलेल्या तेराशे साठांपर्यंत जाताना वाटेत काय काय गळतं, ते या आकड्यांत दिसतं.

जुन्या काळी ही अडचण कशी टाळत ते आठवून अंगावर काटा येतो. शास्त्रज्ञ वाल्डेमार हाफकिन यांनी मुंबईत प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली आणि मग 1897 च्या जानेवारीतच भायखळ्याच्या तुरुंगात, तयार झालेल्या कैद्यांना टोचली. तुरुंगातून कोण हरवणार? कैदी तयार होते असं म्हणतात, पण कोठडीतल्या माणसाच्या होकाराचं वजन कोणत्या तराजूत करायचं? 1956 साली मद्रासला क्षयरोगाची चाचणी झाली तेव्हा मार्ग जरा माणुसकीचा होता. 193 रुग्णांपैकी निम्मे सॅनेटोरियममध्ये आणि निम्मे आपापल्या घरी, वर्षभर औषधं. घरी असलेल्या रुग्णांकडे अचानक जाऊन गोळ्या मोजायच्या, लघवी तपासून औषध पोटात गेलं का ते पाहायचं. आज कुणी अशी तपासणी केली तर पोलिसी वाटेल. पण तपासायला येणारी तीच माणसं औषध देत, धीर देत, घरची विचारपूस करत, आणि घरी राहूनही क्षय जवळजवळ तितकाच बरा होतो हे त्यातून जगाला कळलं.

आज कायदा सहभागी माणसाच्या बाजूचा आहे, निदान कागदावर. 2019 च्या नव्या नियमांनुसार चाचणीमुळे इजा झाली तर उपचार फुकट, नुकसानभरपाईही. माणूस कधीही, कारण न सांगता बाहेर पडू शकतो आणि त्यामुळे त्याच्या नेहमीच्या उपचारात काही कमी केलं जाता कामा नये. प्रवासखर्च आणि बुडालेली मजुरी देता येते. फक्त रक्कम इतकी मोठी नसावी की गरिबाला नाही म्हणताच येऊ नये. नेमका आकडा कुठे थांबावा यावर नीतिसमित्या तासन्‌तास घालवतात. मला वाटतं गणित बिघडतं ते कमी द्यायच्या बाजूलाच जास्त. बोदवडहून जळगावला तपासणीला जायचं तर बस किंवा रेल्वे, दिवसाची मजुरी, सोबत आलेल्या माणसाचीही मजुरी, आणि ज्या दिवशी आठवड्यातून एकदा नळाला पाणी यायचं त्याच दिवशी बोलावणं आलं तर घागरी कोण भरणार, याचा हिशेब शहरातल्या फॉर्ममध्ये कुठे बसवणार?

पुण्याजवळच्या वढूला केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्राने माणूस टिकवण्याचा एक मार्ग काढला आहे. 2002 पासून तिथल्या 22 गावांतल्या प्रत्येक घराची नोंद ठेवली जाते: कोण जन्मलं, कोण वारलं, कोण राहायला आलं, कोण गेलं. चाचणी असो वा नसो, कार्यकर्ते येत राहतात. रोटाव्हायरसच्या भारतीय लसीची चाचणी झाली तेव्हा वढू त्यात होतं. दिल्ली आणि वेल्लोर धरून एकूण 6,799 बाळं होती. आईला दारात आलेला माणूस ओळखीचा होता. चाचणीसाठी म्हणून ओळख काढायला कुणी आलं नव्हतं.

बोदवडसारख्या तालुक्यात अशी चाचणी कधी आली तर तिचं वेळापत्रक मृगाच्या पेरणीला, दिवाळीनंतरच्या वेचणीला आणि उन्हाळ्यातल्या लग्नसराईला विचारूनच आखावं लागेल. सुरतेच्या गाडीचं वेळापत्रकही पाठ हवं. भुसावळहून पॅसेंजरने निघालेला माणूस गावातून गेला म्हणून चाचणीतून का जावा? त्याचा नंबर बदलेल, रिचार्ज संपेल, पण ओट्यावरच्या म्हातारीकडे त्याचा पत्ता असेल. तिची परवानगी आधी घ्यावी लागेल, आणि त्या पोराचीही. नाहीतर माणूस टिकवण्याच्या नावाखाली पाळत ठेवणं सुरू होतं.

हे सगळं मी एकदा शेजारच्या एका मावशींना सांगत होतो. बार्शीच्या मुलींचं ऐकून त्या बराच वेळ गप्प बसल्या. मग त्यांनी विचारलं, “एवढी वर्षं पोरींच्या दारी गेले, मंग एकच टोचणं पुरतं असं समजलं, तं ते सांगाले पोरींकडे परत गेले का?”